नारळ फोडून लावलेली लाइट

रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये मी बरीच वर्षं खरेदी सांभाळली. खरेदीतल्या बाईवर कोणी प्रेम करत नाही. मागितलेली वस्तू उशिरा आली तर ती कामाची नसते आणि वेळेवर आली तर 'हे कुठून उचलून आणलं' म्हणून नावं ठेवतात. मला त्याचं काही वाटत नसे. वडील रेल्वेत होते. वर्ध्याहून बदलीवर रायपूरला आले आणि इथेच राहिले. आमच्या घरी लाडीगोडीचा रिवाज नव्हता. तरी त्या एका लाइटवरून मी जेवढं वैर कमावलं, तेवढं बाकीच्या सगळ्या नोकरीत मिळूनही कमावलं नसेल.

शेडला नवीन लाइट हवी होती, यावर कोणाचं दुमत नव्हतं. जुने पिवळे दिवे होते, त्यातले निम्मे गेलेले, उरलेल्यांच्या काचांवर काळा थर. रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात जो तो काहीतरी उजळून काढत होता. चौक उजळले, बंगल्यांची फाटकं उजळली, लग्नाचे लॉन तर असे उजळले की नवरीचं तोंड दिसेना. नव्या राजधानीची बांधकामं म्हणजे आमच्या सळयांचं गिऱ्हाईक. ठेकेदार आणि इंजिनियर मिल बघायला यायचे, शेडमध्ये शिरले की डोळे चोळायचे आणि बाहेर पडताना रुमालाने बूट पुसायचे. मिलच्या शेठना त्याची लाज वाटायला लागली. त्यांनी जीएमना, म्हणजे जनरल मॅनेजरना, सांगितलं की शेडमध्ये एक जबरदस्त स्पॉटलाइट लावा.

जीएम नुकतेच आले होते. त्यांचा शर्ट दुपारी चार वाजताही पांढराच असायचा. उरल्यात पांढरा शर्ट पांढरा ठेवायचा असेल तर एकच मार्ग आहे, शेडमध्ये जायचं नाही.

"मॅडम जी, शंकर नगर में एक शोरूम है. चलिए, पसंद कर लेते हैं," ते म्हणाले.

"साहेब, लाइट इथे आणून बघू. मिल चालू असताना," मी म्हणाले.

"लाइट तो लाइट होती है."

नसते. आमच्या शेडमध्ये काय चालतं ते सांगते. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा बाहेर येतो, फिरत्या रुळांच्या, म्हणजे रोलरच्या, जोड्यांमधून दाबला जात लांबत जातो आणि शेवटी त्याची सळी होते. रूळ तापू नयेत म्हणून त्यांच्यावर सतत पाणी पडत असतं, त्याची वाफ होते. लोखंडावरच्या खपल्या सुटतात, त्यांची काळी भुकटी हवेत उडते. जमिनीवर लांब चिमट्यांनी तापलेलं लोखंड धरणारे चिमटेवाले उभे असतात. लोखंड किती तापलंय हे ते त्याच्या रंगावरून ओळखतात. आणि या सगळ्यावरून, छपराला चिकटून, क्रेन फिरते. क्रेनवाला आपल्या केबिनमध्ये बसून खाली बघतो, खालचा माणूस हाताने इशारा करतो, तो हुक खाली सोडतो. हुकाला सळयांचे गठ्ठे असतात, कधी अख्खा रूळ असतो. खाली माणसं असतात.

तेव्हा लाइट घेताना मला चार गोष्टी बघायच्या होत्या. धूळ आत शिरू नये, भट्टीच्या धगीने आतलं मशीन जळू नये, क्रेनच्या हादऱ्याने स्क्रू ढिले होऊ नयेत, आणि उजेड जिथे पडायला हवा तिथे पडावा, कोणाच्या डोळ्यात नव्हे. पांढरा निळसर उजेड तर नकोच होता. त्यात तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो.

शोरूममध्ये एसी होता. दुकानदाराने मला बघून विचारलं, "भाभीजी, ड्रॉइंग रूम के लिए?"

"रोलिंग मिलसाठी. आणि मी तुमची भाभी नाही."

त्याने मग फक्त जीएमशी बोलायचं ठरवलं. शटर अर्धं ओढून त्याने एक स्पॉटलाइट समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारली. भिंतीवर ताटाएवढा लख्ख गोल पडला. जीएम हळूच "वाह" म्हणाले. दुकानदाराने दुसरी मारली. गोल आणखी लख्ख. तिसरी तर इतकी, की भिंतीतली पुट्टीची रेघ दिसली.

"भिंत कशाला दाखवता? आमच्याकडे भिंत बघायला कोणी येत नाही," मी म्हणाले. दुकानाच्या कोपऱ्यात गल्ल्याच्या वर त्याचा देव होता. तिथला अगरबत्तीचा पुडा मी उचलला, मूठभर काड्या एकदम पेटवल्या आणि धूर उजेडात सोडला. भिंतीवरचा गोल तिथेच होता, पण त्याच्या आणि आमच्या मध्ये पांढरा खांब उभा राहिला. खांबाच्या पलीकडे दुकानाचा नोकर उभा होता, तो दिसेना.

"हे बघा," मी म्हणाले. "धुक्यात ट्रकची मोठी बत्ती लावली की असंच होतं. म्हणून ड्रायव्हर ती बंद करतो."

"मॅडम, ये भगवान की अगरबत्ती है," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा बिघडला होता.

जीएम हसले. "मॅडम जी, मिल में अगरबत्ती थोड़े ही जलती है."

त्यांनी तिसरी पसंत केली. मी माझ्या नापसंतीची नोंद केली, त्यांनी ती वाचली नाही, आणि ऑर्डर गेली.

लाइट आली ती नेमकी विश्वकर्मा पूजेच्या तोंडावर. उरला असो की शेजारची सिलतरा वसाहत, त्या दिवशी सगळी मशीनं बंद असतात. शेड धुतात, रूळ पुसतात, क्रेनला झेंडूच्या माळा घालतात, हातोडीपासून भट्टीपर्यंत सगळ्याला टिळा लागतो. कामगारांच्या बायका-पोरं येतात, बुंदी आणि पुरी मिळते. नवीन जे काही घ्यायचं ते त्या दिवशी सुरू करायचं, अशी पद्धत. मी म्हणाले, आधी चालू मिलमध्ये लावून बघू, मग पूजा करा. जीएम म्हणाले, "इससे शुभ दिन कौन सा मिलेगा?"

शेठच्या आईने नारळ फोडला. बटण दाबलं. धुतलेल्या, थंड, धूळ नसलेल्या शेडमध्ये ती लाइट अशी पडली की पार दुसऱ्या टोकाच्या खांबावरचा झेंडू पाकळीसकट दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी जीएमच्या पाठीवर हात ठेवला. जीएमनी माझ्याकडे बघितलं. मी बुंदी खात होते.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली, पाणी सुटलं, काळी भुकटी उठली. आणि शेडच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पांढरा पडदा लागला.

क्रेनवाल्याने क्रेन थांबवली आणि तो खाली उतरला. उतरायला त्याला वेळ लागायचा. पूर्वी तो चिमटेवाला होता, पायावर तापलेली सळी आली, तेव्हापासून तो पाय आखडलेला. म्हणून तर त्याला क्रेनवर चढवलं होतं. बसून करायचं तेवढं एकच काम मिलमध्ये त्याला जमण्यासारखं होतं. ते गेलं तर त्याला मिलमधूनही जावं लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

माणूस भंडाऱ्याकडचा. शेडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून बाकीच्यांना वाटायचं आमचं जमत असेल. अजिबात जमत नव्हतं. मी आणलेल्या हातमोज्यांना तो सगळ्यांसमोर "पिशव्या" म्हणाला होता, आणि मी त्याला "मग हातात फोड येऊ द्या" म्हणाले होते.

"मले खाली काहीच दिसून नाही राहिलं," तो शिफ्ट इनचार्जला म्हणाला. "हुक कुठं, माणूस कुठं, काही नाही. मी चालवत नाही."

जीएम आले. क्रेन बंद म्हणजे मिल बंद. "इतने साल से चला रहा है, आज दिखना बंद हो गया?"

"लाइट काढा, दिसते."

"लाइट नहीं निकलेगी. पूजा हुई है. तुम आँखें चेक करवाओ."

डोळे तपासायला पाठवलं. चष्म्याचा नंबर थोडा वाढलेला निघाला, आणि डॉक्टरने लिहिलं की झगमगाटात त्रास होतो. ज्याला झगमगाटात त्रास होत नाही असा माणूस मला दाखवा. जीएमनी तेवढंच वाचलं. क्रेनवर दुसऱ्याला बसवलं, आणि आखडलेल्या पायाच्या माणसाला भंगार निवडायला यार्डात पाठवलं. तिथे दिवसभर उन्हात उभं राहायचं, वाकायचं, ओढायचं. इनचार्ज मला म्हणाला, हा दिवाळीपर्यंत टिकत नाही.

टिकणार नाही असं दिसत असतानाही त्या गृहस्थाने वैर धरलं ते माझ्याशी. फाटकापाशी शिफ्ट सुटताना, सगळी माणसं सायकली काढत असताना, त्याने मोठ्याने सुरुवात केली.

"एसीत बसून लाइट पसंत करते बाई! आमच्या डोळ्यात मारते! वर येऊन एक डाव पाहून घे म्हणा, मंग समजते."

"ती लाइट मी पसंत केली नाही," मी म्हणाले.

"खरेदी कोणाची हाय मंग? माझ्या बायकोची?"

लोक हसले. कोणीतरी "बरोबर हे भैया" म्हणालं. मी स्कूटर सुरू केली आणि निघाले. रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं. त्याच्यावर, आणि जीएमवर, आणि त्या हसणाऱ्यांवर.

दुसऱ्या दिवशी मी क्रेनवर चढले. दया येऊन नाही. त्याने चारचौघांत मला बोल लावला होता, आणि मला बघायचं होतं की तो कांगावा करतोय की खरं बोलतोय. खरेदीतली बाई हेल्मेट घालून लोखंडी शिडीला लागली म्हटल्यावर खाली कामं थांबली. कोणीतरी शिट्टी मारली. मी वर गेले.

केबिनमध्ये नवा क्रेनवाला होता. गावाकडचा, छत्तीसगढी, जीएमच्या शब्दाला 'ना' न म्हणणारा. त्याने मला जागा करून दिली.

"दिखता है?" मी विचारलं.

"हव दीदी, दिखथे."

मी खाली बघितलं. लाइट केबिनच्या जरा वर, शेजारच्या खांबावर होती. तिचा झोत आमच्या नजरेच्या बाजूनेच खाली जात होता. वाफ आणि भुकटी त्यात चमकत होती. पांढरं. हुकाची दोरी काही अंतर दिसत होती आणि मग पांढऱ्यात शिरत होती.

"सिग्नल देनेवाला कहाँ है?"

त्याने खाली बघायचं नाटकही केलं नाही. "होगा दीदी वहीं कहीं. मैं तो अंदाज़ से उतारता हूँ."

तेवढ्यात त्याने हुक सोडला. गठ्ठा खाली गेला. कोणी ओरडलं नाही, म्हणजे ठीक झालं.  मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उतरले.

मी कपडे न झटकता सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले. जीएम तिथेच चहा पीत होते. मी वर काय पाहिलं ते सांगितलं. 'अंदाज़ से उतारता हूँ' हे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मॅडम जी को शुरू से ये लाइट पसंद नहीं थी," जीएम शेठना म्हणाले. "अब पर्सनल हो रहा है."

"हो रहा है," मी म्हणाले. "आप भी ऊपर चलिए. अभी."

ते उठले नाहीत. शेठनी हात वर केला. शेठ वाईट माणूस नव्हता, भित्रा होता, आणि सगळ्यात जास्त आईला भीत होता. "देखिए, माताजी ने नारियल फोड़ा है. उतारेंगे तो अपशकुन होगा. घर में क्या बोलूँ?"

ही अडचण खोटी नव्हती. आमच्याकडे पूजा झालेलं जुनं मशीन भंगारात विकायचं झालं, तरी आधी त्याच्यापुढे हात जोडून माफी मागतात. मी स्वतः अशा माफीला उभी राहिले आहे. यावर भांडून उपयोग नव्हता. यातूनच वाट काढायला हवी होती.

"उतरवून कपाटात टाका असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "फाटकाजवळच्या मंदिरातल्या हनुमानाला वाहा. पूजा झालेली वस्तू देवाकडे गेली तर अपशकुन कसला? माताजींना विचारा."

"मंदिर के लिए बहुत बड़ी है वो," जीएम पटकन म्हणाले.

शेठनी कप खाली ठेवला. "भगवान के लिए बड़ी?"

 शेठनी घरी फोन लावला. माताजी खूश झाल्या. त्याच आठवड्यात लाइट शेडमधून उतरली आणि मंदिरापुढे चढली. काही दिवसांनी पुजारी तक्रार घेऊन आला की देवाच्या तोंडाकडे बघवत नाही. मी त्याला जीएमकडे पाठवलं.

आता नवीन लाइट निवडायची होती, आणि या वेळी माझ्या पद्धतीने. तीन दुकानदारांना सांगितलं, नमुना आणा, इथे टांगा, मिल चालू असताना बघू. ज्याला भिंतीवर दाखवायची असेल त्याने येऊ नये. आणि शेठना सांगितलं की बघायला क्रेनच्या केबिनमध्ये जुना क्रेनवाला बसेल.

"वो अनफिट है," जीएम म्हणाले.

"म्हणूनच. त्याला डोळ्यात जातं. ज्याला सगळंच 'दिखथे', त्याला विचारून काय कळणार?"

यार्डातून तो आला. उन्हाने काळा पडलेला, पाय ओढत. माझ्याकडे न बघता शिडी चढला. मी खाली उभी होते. वरून त्याचा आवाज येत होता आणि मध्येच मिलच्या आवाजात बुडत होता.

पहिली लाइट लागली. "बंद करा! हे तं त्या जुनीची बहीण हाय."

दुसरी भट्टीच्या धगीत लुकलुकायला लागली आणि गेली. दुकानदार म्हणाला, व्होल्टेज असेल. मी म्हणाले, घेऊन जा.

तिसऱ्याने छोट्या लाइटी आणल्या होत्या. पिवळसर, वर टोपी असलेल्या, आतलं मशीन वेगळ्या डब्यात लांब ठेवता येणाऱ्या. एक मोठी न लावता दोन्ही बाजूंच्या खांबांवर, केबिनच्या बऱ्याच खाली, तिरक्या लावल्या. आता झोत नजरेच्या बाजूने नव्हता, आडवा होता. वाफ तीच होती, भुकटीही तीच, पण पडदा उभा राहिला नाही. चिमटेवाल्यांना मी विचारलं, लोखंडाचा रंग कसा दिसतो? एकाने मान हलवली, म्हणजे बरा.

"वर कसं आहे?" मी ओरडून विचारलं.

 मग, "डावीकडची जराशी खाली करा. आणखी. बस. हुक दिसून राहिला. माणूसबी दिसून राहिला." आणि शेवटी, "कामचलाऊ हाय."

लाइटी घेतल्या. पण तो खाली उतरला तेव्हा जीएमनी त्याला हाताने यार्डाकडचा रस्ता दाखवला. तो तिकडे वळला. माझ्याशी भांडताना जो जोर असायचा, तो तिथे नव्हता.

मी शेठकडे पाहिलं. ते शेडच्या दारात नाकावर रुमाल धरून उभे होते. "शेठजी, या माणसाच्या डोळ्यांनी आपण लाइट पास केली ना? आत्ता? सगळ्यांसमोर?"

"हाँ."

"मग त्याचे डोळे नापास कसे? डोळे खराब असतील तर लाइटही परत पाठवा. जीएम साहेबांना नवीन माणूस बसवून पुन्हा निवडू दे."

शेठना पुन्हा निवडायचं नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं. त्यांनी जीएमना सांगितलं, चष्मा बदलवून द्या आणि उद्यापासून वर बसवा. जीएमनी मान हलवली, आणि तिथून पुढे, मी ती नोकरी सोडेपर्यंत, माझ्याशी फक्त कागदावर बोलले. विजेचं सगळं सामान खरेदीकडून काढून त्यांनी आपल्याकडे घेतलं. मी हरकत घेतली नाही. तो विभाग नाहीतरी डोकेदुखीच होता.

नंतर मी एका कामासाठी शेडमधून जात होते. रुळांवर पाणी पडत होतं, वाफ दाट होती, मी हातातल्या नमुन्याकडे बघत चालले होते. एकदम डोक्यावर भोंगा वाजला. वर पाहिलं तर हुक हवेत थांबलेला, सळयांचा गठ्ठा त्याला लटकलेला, माझ्यापासून बराच लांब. केबिनच्या खिडकीतून त्याने अर्धं अंग बाहेर काढलं होतं.

"ओ बाई! मरायचं हाय काय? पट्ट्याच्या आत काहून शिरल्या?"

खरंच मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत, क्रेनच्या हद्दीत होते. मी बाहेर आले. मग वर बघून ओरडले, "एकदा वाजवला की समजतं. बहिरी नाही मी."

त्याने पुन्हा वाजवला, मुद्दाम, लांब.